पारपत्र आणि पत

व्यापारी माणसानें परमुलुखांत जाणें ही कांहीं आजची गोष्ट नव्हे. सैन्य घेऊन राजे गेले, धर्म घेऊन भिक्षु गेले, आणि त्या दोघांच्याही आधीं बहुधा एकादा वाणी आपलें गांठोडें घेऊन तेथें पोंचलेला असे. असें असूनही या येण्याजाण्याचा नीतिदृष्ट्या विचार आपल्याकडे फारसा झालेला नाहीं. समुद्र ओलांडणें शास्त्रसंमत आहे कीं नाहीं या वादांत आपल्या पूर्वजांनीं रकानेच्या रकाने भरले. परंतु त्या वादांतलें दार आपल्याच घराचें होतें, आणि प्रश्न होता तो उंबरठ्याबाहेर पडण्याचा. आज तें दार सताड उघडें आहे. आतां माणूस अडतो तो समोरच्या घराच्या दाराशीं. आणि तेथें त्याला 'कां आलास?' एवढेंच विचारून भागत नाहीं, तर 'परत जाशील कशावरून?' असें विचारण्यांत येतें. या दुसऱ्या प्रश्नांत सावधपणा किती आणि अन्याय किती, हें पाहण्याचा आमचा हेतु आहे.

विचाराची मर्यादा प्रथमच सांगून ठेवितों. हौसेनें सहलीस निघालेल्या प्रवाशाचा, अगर बिऱ्हाड उचलून दुसऱ्या देशांत कायमचें राहावयास जाणाऱ्याचा, प्रश्न येथें नाहीं. धंद्याच्या स्वरूपामुळेंच ज्याला वर्षांतून चारसहा वेळां सीमा ओलांडावी लागते, काम होतांच जो घरीं परततो, आणि थोड्या दिवसांनीं पुन्हां निघतो, अशा माणसाबद्दल आम्ही बोलत आहों. त्याच्या संबंधांत दोन प्रश्न उद्भवतात, व ते एकमेकांत मिसळूं देतां कामा नयेत. पहिला असा कीं, परक्याला आपल्या हद्दींत येऊं न देण्याचा अधिकार राज्याला आहे काय? दुसरा असा कीं, तो आहे असें मानलें तर तो बजावतांना राज्यावर कांहीं नैतिक बंधनें येतात काय? पहिल्याचें उत्तर 'होय' असें आलें कीं दुसरा प्रश्न निकालांतच निघाला, अशी पुष्कळांची समजूत असते. घरमालकाला पाहुणा नाकारण्याचा हक्क आहे, मग तो कोणत्या रीतीनें नाकारतो याची उठाठेव इतरांनीं कां करावी, असें ते म्हणतात. हा युक्तिवाद आम्हांस अपुरा वाटतो; पण त्याचें अपुरेपण दाखविण्यापूर्वीं वस्तुस्थिति नीट पाहिली पाहिजे.

मुंबईच्या हिऱ्याच्या बाजाराचें उदाहरण घेऊं. बेल्जममधील अँटवर्प हें शहर कित्येक शतकें हिऱ्यांच्या व्यापाराचें केंद्र आहे. तेथें एके काळीं ज्यू व्यापाऱ्यांचें वर्चस्व होतें. पुढें गुजराथेंतील पालनपूरचे जैन व्यापारी मोठ्या संख्येनें तेथें स्थायिक झाले, आणि त्यांचे भाऊबंद मुंबईस व सुरतेस राहिले. कच्चा हिरा अँटवर्पला, अगर अलीकडे दुबईला, घ्यावयाचा, सुरतेस त्याला पैलू पाडावयाचे, आणि वांद्रें-कुर्ला संकुलांत २०१० सालीं सुरू झालेल्या बाजारांतून तो पुन्हां देशोदेशीं पाठवावयाचा, असा हा फेरा आहे. जगांतील बहुसंख्य हिऱ्यांना पैलू पडतात ते सुरतेंतच. आतां हिरा ही गव्हासारखी मूठभर नमुना पाहून घेण्याची वस्तु नव्हे. एक खडा दुसऱ्यासारखा नसतो; भिंगाखालीं धरून, आपल्या डोळ्यांनीं पारखूनच त्याची किंमत ठरवावी लागते. म्हणून या धंद्यांतील माणसाचा प्रवास हा त्याच्या हौसेचा भाग नसून मालाच्या स्वभावाचा भाग आहे. सौदा ठरला म्हणजे तेथें लांबलचक करारपत्र होत नाहीं. दोघे हात मिळवितात आणि 'मझल' हा हिब्रू शब्द उच्चारतात. त्याचा अर्थ सुदैव असा आहे. ज्यू असो, जैन असो कीं ख्रिस्ती असो, तो शब्द तोंडांतून गेला कीं सौदा बांधला गेला, आणि तो मोडणाऱ्यास त्या बाजारांत पुन्हां मान वर करून उभें राहणें कठीण.

हाच माणूस व्हिसाचा अर्ज घेऊन खिडकीशीं उभा राहतो तेव्हां काय घडतें पाहा. ज्याच्याकडे जावयाचें त्याचें निमंत्रणपत्र, पेढीच्या नोंदणीचा दाखला, बँकेच्या खात्याचे उतारे, प्राप्तिकराचीं विवरणपत्रें, परतीच्या तिकिटाची नोंद, मुक्कामाची जागा, निदान तीस हजार यूरोंचा वैद्यकीय विमा, दहाही बोटांचे ठसे, आणि २०२४ च्या जूनपासून नव्वद यूरो फी, इतकें सारें त्याला द्यावें लागतें. एवढें देऊनही त्याला मिळतें तें, दर एकशेंऐंशीं दिवसांत फार तर नव्वद दिवस राहण्याची परवानगी. आणि ती एकाच खेपेपुरती मिळाली तर पुढच्या खेपेस हेंच पहिल्यापासून. ज्याच्या एका शब्दावर अँटवर्पचा व्यापारी लाखांचा माल हवालीं करतो, त्याच्या शब्दाला त्याच देशाच्या वकिलातींत कागदाच्या आधाराशिवाय किंमत नसते. हा विरोध डोळ्यांत भरण्यासारखा आहे खरा. परंतु एवढ्यावरून वकिलातीला दोषी ठरविणें घाईचें होईल. बाजार माणसाला ओळखतो, सरकार ओळखीत नाहीं. बाजाराचा विश्वास ओळखीवर उभा असतो. सरकारला ज्यांना कधीं पाहिलेलें नाहीं अशा लाखों माणसांविषयीं एकाच नियमानें निर्णय द्यावयाचा असतो. तेव्हां सरकार कागद मागतें यांत नवल नाहीं. तें कोणत्या गृहीतावर मागतें, हा खरा प्रश्न आहे.

परवाना ही चीज युरोपांतून आली असें मानण्याचें कारण नाहीं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत मुद्राध्यक्ष नांवाचा अधिकारी आहे. एक माषक घेऊन त्यानें मुद्रा द्यावी, मुद्रा असेल त्यालाच जनपदांत येऊं अगर जाऊं द्यावें, मुद्रेवांचून फिरणाऱ्या देशवासी माणसास बारा पण दंड करावा, आणि खोटी मुद्रा बाळगणारा परदेशी असेल तर त्यास सर्वांत मोठा दंड व्हावा, अशी तेथील व्यवस्था आहे. कौटिल्य हा कांहीं भोळा ग्रंथकार नव्हे. व्यापाऱ्यांवर नजर ठेवण्यासाठीं त्यानें हेरांची योजना सांगितलेलीच आहे. परंतु मुद्राध्यक्षानें प्रवाशाच्या मनांतील हेतूची परीक्षा करावी असें त्यानें म्हटलेलें दिसत नाहीं. पुढें सोळाव्या शतकांत पोर्तुगीजांनीं अरबी समुद्रांतील जहाजांवर 'कार्ताझ' नांवाच्या परवान्याची सक्ति केली, आणि ज्याच्याजवळ तो नसे त्याचें जहाज ते पकडीत. कान्होजी आंग्रे यांनीं त्याला उत्तर म्हणून आपलीं दस्तकें चालू केलीं, तीं इंग्रजांना मान्य होईनात, आणि परवाना देण्याचा अधिकार कोणाचा हा तंटा तोफांनीं सोडविण्याचे प्रसंग आले. तात्पर्य, परवाना हें नेहमींच सत्तेचें चिन्ह होतें. आजच्या अर्थानें माणसाला सरसकट संशयित धरणारें तें साधन मात्र बऱ्याच उशिरा झालें. पहिल्या महायुद्धापूर्वीं पश्चिम युरोपांत बहुतेक ठिकाणीं पारपत्रावांचून फिरतां येत असे. १९१४ सालीं युद्धाची निकड म्हणून दारांना कुलुपें लागलीं. १९२० सालीं पॅरिस येथें राष्ट्रसंघाच्या वतीनें परिषद भरली, तेव्हां हीं बंधनें अजीबात काढून टाकण्याची वेळ अद्याप आलेली नाहीं असें ठरून पारपत्राच्या पुस्तिकेचा नमुना तेवढा ठरविण्यांत आला. त्याच वर्षीं हिंदुस्थानांतही प्रवेशासाठीं पारपत्र आवश्यक करणारा कायदा झाला. ती वेळ पुढें शंभर वर्षांतही आली नाहीं. संकटकाळीं घातलेलें बंधन संकट संपल्यावर आपोआप सुटत नाहीं, त्याची संवय होते.

आतां पहिल्या प्रश्नाकडे वळूं. परक्याला दाराशीं थांबविण्याचा अधिकार राज्याला आहे काय? आम्हां हिंदी लोकांना या प्रश्नाचें उत्तर 'नाहीं' असें देणें अवघड आहे, कारण व्यापारी म्हणून आलेला पाहुणा पुढें काय करूं शकतो याचा अनुभव आमच्याइतका फार थोड्यांना आला असेल. सर टॉमस रो हा १६१५ सालीं जहांगीर बादशहाच्या दरबारीं आला तो व्यापाराच्या सवलती मागण्यासाठींच. त्याच्या पाठीमागून आलेल्या वखारींचें पुढें काय झालें हें सांगावयास नको. हा धोका मराठी राज्याच्या मुत्सद्द्यांना दिसला होता. रामचंद्रपंत अमात्य यांच्या नांवावर असलेलें, सुमारें १७१५ सालचें, जें आज्ञापत्र प्रसिद्ध आहे त्यांत सावकार हे राज्याला भूषणभूत आहेत, त्यांना दूरदूरून आणून वसवावें, असें सांगितल्यावर लगेच टोपीकरांचा वेगळा विचार केलेला आहे. हे इतर सावकारांसारखे नव्हेत, यांच्या पाठीशीं यांचे राजे आहेत, यांना मुलुखांत वाढण्याचा लोभ आहे. म्हणून यांनीं यावें, व्यापार करावा व जावें, पण समुद्रकांठीं ठाणें बांधण्यास यांना जागा देऊं नये, असा त्याचा आशय आहे.

या उपदेशानंतर सुमारें ऐंशीं वर्षांनीं, १७९५ सालीं, जर्मन तत्त्ववेत्ता इमॅन्युएल कान्ट यानें चिरंतन शांततेविषयीं एक छोटा ग्रंथ लिहिला. पृथ्वी गोल असून तिचा पृष्ठभाग मर्यादित आहे, माणसें त्यावर अनंत दूर पांगूं शकत नाहींत, तेव्हां त्यांना एकमेकांची उपस्थिति सोसणें प्राप्त आहे, असें सांगून त्यानें परक्याचा एक मर्यादित हक्क मान्य केला. शांततेनें आलेल्या माणसाला केवळ तो परका आहे म्हणून शत्रूसारखें वागविलें जाऊं नये, एवढाच तो हक्क. तो भेटीचा हक्क आहे, राहण्याचा नव्हे. आणि विशेष हें कीं, यूरोपांतील व्यापारी राष्ट्रें परमुलुखाला भेट देणें म्हणजे तो जिंकणें असें समजतात, असा दोष देतांना त्यानें हिंदुस्थानचें उदाहरण दिलें, व परक्यांना जपून आंत घेणाऱ्या चीन आणि जपान यांची वाखाणणी केली. कोल्हापूरच्या बाजूचा एक अमात्य आणि क्यॉनिग्जबर्गचा एक प्राध्यापक, यांना एकमेकांचें नांवही ठाऊक असण्याचा संभव नव्हता. परंतु येणें-जाणें वेगळें आणि ठाण मांडणें वेगळें, हा एकच भेद दोघांनींही पाहिला. सुख्यतः एकाचा विचार राज्याच्या रक्षणाचा होता, दुसऱ्याचा माणसाच्या हक्काचा होता. आणि तरीही ते एका ठिकाणीं येऊन भेटले, म्हणून हा भेद आम्ही भक्कम समजतों.

तेव्हां पहिल्या प्रश्नाचें उत्तर असें कीं, राहूं न देण्याचा अधिकार राज्याला निःसंशय आहे. येऊं न देण्याचाही आहे, पण तो कारण दाखवून वापरावयाचा आहे. आतां वारंवार जाणारा व्यापारी या भेदाच्या कोणत्या बाजूला पडतो? तो तर येण्याजाण्याची मूर्तिच होय. त्याचें घर, पेढी, देणेकरी आणि घेणेकरी सारे इकडे. तिकडे तो जातो तो परत येण्यासाठींच, कारण परतला नाहीं तर त्याचा धंदाच बुडतो. आपण अतिथि शब्दाची फोड ज्याच्या येण्याला तिथि नाहीं तो, अशी करतों. या माणसाच्या येण्याला तिथि आहे आणि जाण्यालाही आहे. जो दहा वेळां आला आणि दहाही वेळां ठरल्या दिवशीं गेला, त्याला अकराव्या खेपेस 'परत जाशील कशावरून?' असें विचारणें हें सावधपणाचें लक्षण नसून विसराळूपणाचें आहे.

येथें दुसरा प्रश्न उभा राहतो. अमेरिकेच्या १९५२ च्या कायद्यांत असें कलम आहे कीं, तात्पुरत्या भेटीसाठीं अर्ज करणारा परदेशी मनुष्य, कांहीं अपवाद सोडले तर, कायमचा राहावयास येत आहे असेंच गृहीत धरावें, आणि तसें नाहीं हें त्यानें वकिलातींतील अधिकाऱ्याची खात्री पटेल असें सिद्ध करावें. त्या कलमाखालीं नकार मिळाला तर अपील नाहीं. पुन्हां फी भरून पुन्हां अर्ज करावा, इतकेंच. चोरीचा आरोप असलेल्यासही अपराध शाबीत होईपर्यंत निर्दोष मानावें, असें जो देश अभिमानानें सांगतो, तोच आपल्या दाराशीं आलेल्या माणसाला उलटा न्याय लावतो, ही विसंगति नव्हे काय? यावर कायदेपंडितांचें उत्तर ठरलेलें आहे. ते म्हणतात, निर्दोषत्वाचें गृहीत हें शिक्षेच्या बाबतींत असतें. येथें कोणी शिक्षा करीत नाहीं, केवळ एक मेहेरबानी नाकारली जाते. आणि मेहेरबानी मागणाऱ्यानें आपली पात्रता दाखवावी यांत वावगें काय?

हें उत्तर हलकें नाहीं, म्हणून तें तपासून पाहिलें पाहिजे. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जागतिक जाहीरनाम्यांत तेराव्या कलमान्वयें प्रत्येकाला कोणताही देश सोडण्याचा आणि स्वदेशीं परतण्याचा हक्क दिला आहे. दुसऱ्या देशांत शिरण्याविषयीं त्या कलमांत अक्षर नाहीं. आपल्याकडे १९६७ च्या एप्रिलांत सर्वोच्च न्यायालयानें परदेशीं जाण्याचा हक्क हा घटनेच्या एकविसाव्या कलमांतील व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे, असा निर्णय तीन विरुद्ध दोन मतांनीं दिला. तो ज्याच्या अर्जावर दिला तो मोटारींच्या सुट्या भागांचा आयात-निर्यात व्यापारी असून धंद्यासाठीं त्याला वारंवार परदेशीं जावें लागत असे, हें येथें लक्षांत घेण्यासारखें आहे. त्यापूर्वीं पारपत्र देणें न देणें ही सरकारची मर्जी समजली जाई. त्या निकालानंतर त्याच वर्षीं पारपत्राचा कायदा करावा लागला. म्हणजे जी गोष्ट काल मेहेरबानी होती ती आज हक्क ठरली. बाहेर पडण्याच्या दारावर हें घडलें. आंत शिरण्याच्या दारावर अजून घडलेलें नाहीं. परंतु बाहेर पडण्याचा हक्क असून कोठेंही शिरण्याचा हक्क नसणें, ही अर्ध्या पुलासारखी गोष्ट आहे. शिवाय ज्या राष्ट्रांनीं करार करून मालासाठीं सीमा खुल्या केल्या, परक्यांच्या भांडवलाला आमंत्रणें दिलीं, आणि त्या देवघेवींतून स्वतःचा फायदा करून घेतला, त्यांना त्या मालामागोमाग येणाऱ्या माणसाविषयीं 'ही केवळ आमची मेहेरबानी' असें म्हणतां येणार नाहीं. बाजार मांडून गिऱ्हाइकाला बोलावल्यावर दुकानांत येऊं देणें हा उपकार राहत नाहीं.

मेहेरबानीच्या युक्तिवादांत याहून खोल दोष आहे. अर्जदारावर जो संशय घेतला जातो तो त्याच्या वर्तनावरून घेतलेला नसतो. त्याच्या देशांतून पूर्वीं गेलेल्या दुसऱ्या कोणाच्या वर्तनावरून घेतलेला असतो. अमुक देशाचे इतके लोक मुदत संपल्यावरही राहिले, म्हणून त्या देशाचा हा मनुष्यही राहील, असें तें अनुमान असतें. विमा कंपनी असें अनुमान करते आणि आपण तें सोसतों, कारण तिचा संबंध आकड्यांशीं असतो. पण माणसाच्या सचोटीविषयीं निर्णय देणें हें काम वेगळ्या जातीचें आहे. व्यापारांत पत म्हणून जी वस्तु आहे ती ज्याची त्यानें मिळवावयाची असते; बापाच्या पतीवर मुलाला फार तर पहिलें कर्ज मिळतें, आणि शेजाऱ्याच्या दिवाळखोरीमुळें कोणी आपली पत बुडाली असें मानीत नाहीं. पारपत्राच्या जगांत मात्र माणसाच्या पतीआधीं त्याच्या देशाची पत वाचली जाते. अनोळखी माणसाविषयीं प्रथम असें घडणें कदाचित् अपरिहार्य असेल. ओळख झाल्यानंतरही तसेंच घडत राहिलें तर मात्र तो अन्याय होय, कारण तेव्हां ज्ञान हातीं असून अज्ञानाचा आश्रय घेतला जातो.

या दृष्टीनें पाहतां अलीकडे झालेले कांहीं बदल आम्हांला केवळ सोयीचे नव्हे, तर नीतीच्या दृष्टीनेंही महत्त्वाचे वाटतात. युरोपांतील शेंगेन गटांत आज २९ देश आहेत. त्यांच्या वतीनें युरोपीय आयोगानें १८ एप्रिल २०२४ रोजीं भारतांत राहणाऱ्या भारतीयांसाठीं असा नियम केला कीं, मागील तीन वर्षांत ज्यानें दोन व्हिसे मिळवून ते कायदेशीर रीतीनें वापरले, त्याला दोन वर्षांचा, वाटेल तितक्या खेपांचा व्हिसा देतां येईल, आणि त्यानंतर, पारपत्राची मुदत पुरेशी असल्यास, सामान्यतः पांच वर्षांचा. राहण्याची मर्यादा पूर्वीचीच. पण दरवेळीं नव्यानें खात्री पटविण्याची यातायात गेली. आशिया-पॅसिफिक आर्थिक सहकार्य संघटनेनें तर १९९७ पासूनच वारंवार फिरणाऱ्या व्यापाऱ्यांसाठीं एक कार्ड काढलेलें आहे. तेथें अर्जदाराची पहिली पारख त्याचें घरचें सरकार करतें आणि मग इतर सभासद देश आपापली संमति देतात. म्हणजे ओळख देणारा जामीन मध्यें उभा राहतो. भारत त्या संघटनेचा सभासद नसल्यानें आपल्या व्यापाऱ्याला तो लाभ नाहीं. या दोन्ही योजनांतलें तत्त्व सावकारीइतकें जुनें आहे. लहान रक्कम द्यावी, ती वेळेवर परत आली म्हणजे मोठी द्यावी. माणसाचें मन कोणाला दिसत नाहीं, वर्तन दिसतें. म्हणून वर्तनावरून निर्णय करावा. २०२५ च्या ऑक्टोबरपासून शेंगेन देशांनीं येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येक परदेशी माणसाची यंत्रद्वारां नोंद करण्यास टप्प्याटप्प्यानें आरंभ केला आहे. या नोंदींत माणसाच्या खाजगीपणाला धोका आहे हें आम्ही विसरत नाहीं. पण ती ठेवावयाचीच असेल तर तिच्याबरोबर एक जबाबदारीही येते. कोण वेळेवर परत गेला हें ज्याला नेमकें कळतें, त्याला 'आम्हांस काय ठाऊक' असें म्हणण्याची सोय उरत नाहीं.

तथापि वर्तनाची कसोटी लावली तरी एक अडचण राहतेच. पत मिळण्यासाठीं पहिली संधि मिळावी लागते. जुन्या पेढीचा मालक दोनदां जाऊन आलेला असतो, म्हणून त्याला तिसऱ्यांदा दार उघडतें. पण इचलकरंजीचा एकादा लहान मागवाला, किंवा कोल्हापुरी वहाणा करणारा कारागीर, आपल्या मालाचे नमुने घेऊन प्रथमच परदेशच्या प्रदर्शनास जाऊं पाहतो, त्याचें काय? त्याच्या खात्यांत शिल्लक थोडी, त्याची इंग्रजी मोडकी, त्याला निमंत्रण पाठविणारा तितकाच लहान. कागदाच्या तराजूंत तो हलका पडतो. बँकेची शिल्लक हा सचोटीचा दाखला समजला गेला कीं गरिबी हा अप्रामाणिकपणाचा पुरावा ठरतो, आणि हें तर्कदृष्ट्या जितकें चूक तितकेंच अनुभवाच्याही विरुद्ध आहे. मोठाल्या रकमा बुडवून परदेशीं जाऊन बसलेले लोक कांहीं रित्या खात्याचे नव्हते. म्हणून पहिल्या खेपेच्या अर्जदाराला कांहीं धोका पत्करून संधि देणें हें राज्याचें कर्तव्य आहे असें आम्ही म्हणतों. ज्यांत धोका मुळींच नाहीं त्याला विश्वास हें नांवच शोभत नाहीं.

संशयी नियमाचा आणखी एक परिणाम होतो, आणि तो अर्जदाराच्या शीलावर होतो. खरें सांगून काम होत नाहीं असें दिसलें कीं माणूस सोईचें सांगूं लागतो. धंद्यासाठीं जाणारा सहलीला जातों म्हणून लिहितो. खात्यांत चार दिवसांपुरती उसनी रक्कम भरली जाते. निमंत्रणपत्र विकत मिळतें. आणि हें सारें जमवून देणारे दलाल निर्माण होतात. नियमाच्या जाचानें खोटेपणा वाढतो हें खरें. पण म्हणून खोटेपणा क्षम्य ठरत नाहीं. ज्यानें बनावट कागद दाखवून प्रवेश मिळविला, त्यानें केवळ परक्या सरकारला फसविलें असें नाहीं. आपल्यामागून रांगेंत उभ्या असलेल्या प्रामाणिक माणसाची पत त्यानें खर्च केली. देशाची पत अन्यायानें का होईना व्यक्तीवर लादली जाते, तोंवर प्रत्येक प्रवासी हा आपल्या देशबांधवांच्या पतीचा विश्वस्त आहे. मुदत संपण्याच्या आंत परतणारा व्यापारी आपलें हित साधतो आणि न पाहिलेल्या एका कारागिराची वाटही मोकळी करतो. परदेशीं गेल्यावर कायदा कसोशीनें पाळणें ही देशसेवा आहे असें म्हटलें तर तें अतिशयोक्तीचें वाटेल, पण तें तसें आहे खरें.

दुसऱ्यांच्या दारांविषयीं इतकें बोलल्यावर आपल्या दाराकडे पाहणें प्राप्त आहे. नेपाळशीं १९५० सालीं झालेल्या तहान्वयें तेथील माणूस व्हिसावांचून आपल्याकडे येतो. भूतानच्या बाबतींतही तसेंच आहे. पण बहुतेक देशांच्या नागरिकांकडून आपणही व्हिसा मागतों, आणि त्यांतील कित्येकांना तो घरबसल्या मिळावा अशी सोय २०१४ च्या अखेरीपासून करण्यांत आली. शेजारच्या पाकिस्तानशीं २०१२ च्या सप्टेंबरांत झालेल्या करारांत व्यापाऱ्यांसाठीं स्वतंत्र तरतूद होती. २०२५ च्या एप्रिलांत पहलगाम येथें निरपराध प्रवाशांची हत्या झाल्यावर भारतानें पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसे, थोडे अपवाद वगळून, रद्द केले. अशा वेळीं दार सरसकट लागतें, आणि तें लावणाऱ्याला दोष देणें कठीण आहे. रक्ताचा डाग ताजा असतां व्यक्तीव्यक्तींत भेद करण्याइतकी उसंत राज्याला नसते. शांततेच्या काळांत मात्र 'त्यांनीं अडविलें म्हणून आम्हीही अडवूं' हें तत्त्व आम्हांस पटत नाहीं. जशास तसें हा सरकारांमधील सौद्याचा डाव असूं शकेल, पण त्यांत झळ पोंचते ती ज्यानें कांहींच केलें नाहीं त्याला. आमच्याकडे येणाऱ्या आफ्रिकेच्या अगर बांगला देशच्या छोट्या व्यापाऱ्याला आम्ही त्याच्या वर्तनावरून ओळखतों कीं त्याच्या देशावरून, हा प्रश्न आपण स्वतःला विचारला पाहिजे. आणि त्याचें उत्तर समाधानकारक येत नसेल तर अँटवर्पच्या खिडकीविषयींची आपली तक्रार तितकी कमजोर होते.

एकंदर विचाराचें फलित थोडक्यांत सांगतां येईल. राज्यानें दार राखावें, पण नकार देतांना कारण सांगावें आणि त्यावर दाद मागतां यावी. शेंगेन देशांनीं २००९ च्या संहितेनें ही गोष्ट मान्य केलेलीच आहे, तेव्हां ती अशक्य आहे असें कोणास म्हणतां येणार नाहीं. ओळख नसतां सावध राहावें, पण ओळख झाल्यावर ती विसरूं नये. शिलकीवरून शील मोजूं नये. आणि जो येऊन जाणार आहे त्याला, राहावयास आलेल्याच्या भीतीनें, अडवूं नये. आज्ञापत्रकारांना भीति होती ती ठाणें बांधणाऱ्याची, माल दाखवून परत जाणाऱ्याची नव्हे.

पत ही एकट्या व्यापाऱ्याचीच असते असें नाहीं. दारावर बसलेल्या राज्याचीही एक पत असते. तिची नोंद कोणत्याही बँकेच्या उताऱ्यांत नसते. खिडकीवरून परत फिरलेला माणूस, व्हिसा मिळून असो कीं न मिळून असो, आपल्या घरीं त्या देशाविषयीं काय सांगतो, त्यावर ती ठरते.